सनद मिळाली, पण ब्रीफ कोण देणार?

1923 साली हिंदुस्थानातल्या वकिलीच्या धंद्यात तीन अशी माणसं शिरली, ज्यांची त्या धंद्याने कधी वाट पाहिली नव्हती. जानेवारीत लंडनच्या लिंकन्स इनने मिठन टाटा या पारशी तरुणीला बॅरिस्टर केलं. त्याच वर्षी त्याच संस्थेने छपन्न वर्षांच्या कॉर्नेलिया सोराबजींनाही बॅरिस्टरीचा गाऊन दिला. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पैसे भरून, भीमराव रामजी आंबेडकर यांनी मुंबई हायकोर्टाची सनद घेतली. दोघींच्या आड बाईपण आलं होतं, एकाच्या आड जात.

या तिघांपैकी कॉर्नेलियाबाईंचा जन्म नाशिकचा. बाबासाहेब पुढे सात वर्षांनी नाशिकला आले आणि काळाराम मंदिराच्या बंद दरवाजांसमोर उभे राहिले. अमेरिकेत काळ्या वकिलांच्या पहिल्या पिढ्यांचा इतिहास आता अभिमानाने सांगितला जातो, आणि तो सांगण्यासारखा आहेच. आपल्याकडच्या या पहिल्या पिढीची गोष्ट मात्र आपण तुकड्यातुकड्याने सांगतो. बाबासाहेबांच्या चरित्रात वकिली दोन-चार पानांत आटोपते, आणि कॉर्नेलिया सोराबजी हे नाव नाशिकच्या किती वकिलांना ठाऊक आहे, हा प्रश्न विचारायलाही संकोच वाटतो.

कॉर्नेलियाचं नाशिक आधी पाहू. शहरातल्या सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालय आहे. तिथून थोडं पुढे गेलं की शरणपूर रोड लागतो. आज तो दवाखान्यांचा, दुकानांचा आणि वाहनांच्या गर्दीचा रस्ता आहे. 1854 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने इथे ख्रिस्ती झालेल्या माणसांची एक वस्ती उभारली. घरातून आणि जातीतून बाहेर काढलेल्यांना आसरा, म्हणून शरणपूर. पण तिथे नुसते मराठी ख्रिस्ती राहत नव्हते. अरबी समुद्रात इंग्रजांच्या आरमाराने गुलामांची गलबतं पकडली की सुटका झालेल्या आफ्रिकन पोरांचं काय करायचं, हा सरकारपुढे प्रश्न असे. त्यांतली बरीच मुलं मुंबईमार्गे शरणपूरच्या आश्रमात आली. इथे ती इंग्रजी शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. आफ्रिकेतल्या प्रवाशांच्या लिखाणात या मुलांना ‘नासिक बॉइज’ म्हणतात. आफ्रिकेचा शोधक-मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याचा मृतदेह चितांबो गावाहून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या माणसांत यांतले काहीजण होते. त्यांच्यातला जेकब वेनराइट 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत लिव्हिंगस्टनच्या शवपेटीसोबत चालला. नाशिकला वाढलेला काळा तरुण इंग्लंडच्या राजेरजवाड्यांच्या समाधिस्थळी मानाने उभा होता. पुढे शरणपूरचेच मिशनरी रेव्हरंड प्राइस मोंबासाला गेले, तिथे सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउन ही वस्ती वसली, आणि इथे शिकलेले कितीतरी आफ्रिकन तिकडे गेले. नाशिककरांनी ही हकीकत मुलांना जरूर सांगावी. कुंभमेळा आणि द्राक्षं यांच्या पलीकडचं आपलं गाव त्यांनाही कळेल.

त्या काळच्या नाशिकमध्ये, 15 नोव्हेंबर 1866 रोजी कॉर्नेलियाचा जन्म झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरशेदजी. पारशी घरातले, तरुणपणी ख्रिस्ती झालेले, आणि त्यासाठी स्वकीयांचा छळ सोसलेले. आई फ्रान्सिना एका इंग्रज दांपत्याच्या घरात मुलीसारखी वाढलेली. लेडी कॉर्नेलिया फोर्ड या त्या मानलेल्या आईचंच नाव मुलीला मिळालं. आता खरं ते सांगायला हवं: नाशिकचा या मुलीवरचा हक्क जन्मापुरता. तिचं बालपण बेळगावात आणि मग पुण्यात गेलं. पुण्यात आईने व्हिक्टोरिया हायस्कूल काढलं. पारशी, ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, इंग्रज, सगळ्यांची मुलं तिथे एका बाकावर बसत. मुली घरात इंग्रजी बोलत, पण आईचा आग्रह असा की ज्या मुलखात राहता तिथली भाषा आणि माणसं ओळखलीच पाहिजेत.

कायद्याकडे आपण का वळलो, याचं कारण कॉर्नेलिया पुढे आत्मचरित्रात सांगते. आईकडे एक गुजराती विधवा आली होती. मालमत्ता मोठी, पण बाई पडद्यातली. कारभाऱ्याने तिच्याकडून कागदावर सही घेतली आणि तिची इस्टेट हातोहात गिळली. पुरुष वकिलासमोर ती यायची नाही आणि बाई वकील तर अस्तित्वातच नव्हती. आईने लहान मुलीला सांगितलं, अशा बायांना मदत करायची असेल तर कायदा शिक.

गोष्ट आत्मचरित्रातली, तेव्हा थोडी घासूनपुसून घेतलेली असणार. पण त्यातली अडचण बनावट नव्हती. कागदावर अंगठा कोणाचा, तो देणारीला कागदात काय लिहिलंय ते कोणी वाचून दाखवलं होतं का, पडद्याआडून ‘हो’ म्हणाली ती खरंच मालकीण होती की तिच्या जागी बसवलेली दुसरीच कोणी, यावर त्या काळात प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दावे जात. पडदानशीन बाईने केलेला दस्त तिला समजावून सांगितला होता, हे समोरच्याने सिद्ध करावं, असा दंडक न्यायालयांनी घालून दिला होता. दंडक चांगला. पण समजावून सांगणार कोण? ज्या पुरुषाला आत प्रवेश नाही, तो?

मुंबई इलाख्यात त्याच वर्षांत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लग्न लावलेल्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम मार्च 1887 मध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांना दिला. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करेन. न्यायमूर्ती पुरुष, दोन्ही बाजूंचे वकील पुरुष, आणि चर्चा एका बाईच्या शरीरावर हक्क कोणाचा याची. पुढे तडजोड झाली आणि 1889 मध्ये रखमाबाई डॉक्टरकी शिकायला लंडनला गेल्या. त्याच वर्षी कॉर्नेलिया ऑक्सफर्डला निघाली.

तिचं जाणं सोपं नव्हतं. डेक्कन कॉलेजात ती पहिली विद्यार्थिनी. वर्गात पोरं दार लावून घेत, असं तिने लिहून ठेवलं आहे. पदवी परीक्षेत ती पहिल्या वर्गात आली. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला इंग्लंडला शिकायला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. ती तिला मिळाली नाही, कारण विद्यार्थी ‘विद्यार्थिनी’ निघाला. मग तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवलं. इंग्लंडमध्ये लेडी हॉबहाउस यांनी वर्तमानपत्रातून तिची हकीकत मांडली आणि वर्गणी गोळा झाली. देणगीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या, विल्यम वेडरबर्नही होते. सरकारने नाकारलेलं इंग्रज माणसांनी खासगीत दिलं. या उपकाराचं ओझं तिच्या डोक्यावर आयुष्यभर राहिलं, आणि तिचं पुढचं राजकारण समजून घ्यायचं तर हे विसरून चालत नाही.

ऑक्सफर्डमध्ये ती समरव्हिल हॉलला राहिली. बॅलिअलचे बेंजामिन जोवेट तिच्या पाठीशी उभे राहिले. 1892 मध्ये बी.सी.एल. या कायद्याच्या परीक्षेला बसायची वेळ आली तेव्हा परीक्षकाने एका बाईचे पेपर तपासायला नकार दिला. विद्यापीठाला खास ठराव करावा लागला, मग ती बसली. तिच्या आधी कुठलीच बाई त्या परीक्षेला बसली नव्हती. तिला तिसरा वर्ग मिळाला. पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड बायकांची परीक्षा घ्यायचं, पदवी द्यायचं नाही. ती पदवी तिच्या हातात पडायला 1922 साल उजाडावं लागलं. म्हणजे परीक्षा दिली तेव्हा पंचवीस वर्षांची, पदवी घेतली तेव्हा पंचावन्नची.

1894 मध्ये कॉर्नेलियाबाई हिंदुस्थानात परतल्या. (इथून त्यांना ‘अहो-जाहो’ करू, तीस वर्षांच्या झगड्याला तेवढा मान देणं भाग आहे.) फौजदारी प्रक्रियेतली एक पळवाट त्यांना सापडली होती. आरोपी कोर्टाच्या परवानगीने वकील नसलेल्या माणसाकरवीही बचाव करू शकत असे. तिचा आधार घेऊन 1896 मध्ये पुण्याच्या कोर्टात त्या बचावासाठी उभ्या राहिल्या. पण दर वेळी परवानगी मागून वकिली करायची, ही काही वकिली नव्हे. त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. केली. मग अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली, उत्तीर्णही झाल्या. हायकोर्टाने सनद दिली नाही. परीक्षेत बसू द्यायचं आणि सनदेला नाही म्हणायचं, हा खेळ त्या काळातल्या सगळ्याच विद्यापीठांना आणि न्यायालयांना फार आवडलेला दिसतो.

बाईंनी दुसरा मार्ग शोधला. जमीनदाराचा वारस अल्पवयीन असेल किंवा विधवा कारभार करू शकत नसेल तर सरकारचं ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ ती इस्टेट ताब्यात घेऊन चालवत असे. या इस्टेटींच्या आतल्या चौकात, जिथे कलेक्टरचाही पाय जाऊ शकत नाही, तिथे कायदा जाणणारी एक बाई नेमा, असा धोशा त्यांनी इंडिया ऑफिसकडे लावला. 1904 मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सने त्यांना नेमलं. हुद्दा ‘लेडी असिस्टंट’. वकील नाही, सॉलिसिटर नाही. पुढे बिहार, ओरिसा, आसाम असा त्यांचा मुलूख वाढत गेला. रेल्वे संपली की पालखी, पालखी संपली की होडी, कधी हत्ती. कुठे सासरचे लोक विधवेला दत्तक घेऊ देत नाहीत, कुठे दत्तक घेतलेला मुलगाच घराबाहेर काढतो, कुठे पोटगीचा पैसा कारभारी मधेच खातो. बायांच्या मनातली भीती दूर करून त्यांना बोलतं करणं, मग कागद तपासणं, मग कलेक्टरला अहवाल, मग पुन्हा त्याच घरी जाऊन हुकूम खरंच पाळला जातोय का ते पाहणं. वीस वर्षांत सहाशेहून अधिक बायकांची आणि मुलांची कामं त्यांनी पाहिली असं मानतात. 1909 मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंदचं सुवर्णपदक दिलं.

सुवर्णपदक मिळालं, सनद नव्हती. या सगळ्या वर्षांत बाई जे करत होत्या ते सगळं वकिलाचं काम होतं. फक्त ते कोर्टाच्या बाहेर चालायचं आणि कोर्टात गेलं की कुणा पुरुषाच्या नावावर चढायचं. हा त्यांच्या आयुष्यातला मोठा अन्याय, असं माझं मत आहे. त्यांच्या अशिलांबद्दलही एक गोष्ट बोलून टाकायला हवी. त्या जमीनदारणी होत्या, राण्या होत्या. कुळाच्या, मजुराच्या बायकोला पडदाही नव्हता आणि कोर्ट ऑफ वॉर्ड्सही नव्हतं.

दरम्यान बाकीच्या बायका दार ठोठावत होत्या. 1916 मध्ये रेजिना गुहा यांनी कलकत्त्यात अर्ज केला. कायद्यात वकिलासाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरलं आहे, तेव्हा बाई वकील होऊ शकत नाही, असं हायकोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी ठरवलं. 1921 मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज फेटाळला गेला. पण त्याच 1921 मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने कॉर्नेलियाबाईंना वकील म्हणून नोंदवून घेतलं. कायदा तोच, सर्वनाम तेच, न्यायमूर्ती वेगळे. अखेर 1923 मध्ये केंद्रीय कायदेमंडळाने ‘लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) अ‍ॅक्ट’ करून हा घोळ मिटवला.

सनद आली. पुढे काय झालं? 1924 मध्ये कॉर्नेलियाबाई कलकत्त्याच्या बारमध्ये गेल्या. कामं मिळायची ती लेखी मत देण्याची. कोर्टात उभं राहून युक्तिवाद करायचं काम पुरुषांकडे जायचं. 1929 मध्ये बाई निवृत्त झाल्या आणि लंडनला राहायला गेल्या.

असंच त्याच्या पन्नास वर्षं आधी अमेरिकेत झालं होतं. शार्लट रे ही वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातून 1872 मध्ये कायदा शिकून बाहेर पडली आणि त्याच वर्षी तिला वॉशिंग्टनच्या बारमध्ये प्रवेश मिळाला. अमेरिकेतली ती पहिली काळी स्त्री वकील. व्यापारी कायद्यात तिचा हात धरणारे थोडे, असं तिचे समकालीन म्हणत. पण काळ्या बाईला काम द्यायला गोरे अशील तयार नव्हते आणि काळ्यांनाही गोऱ्या न्यायाधीशासमोर गोरा वकील बरा वाटायचा. काही वर्षांतच तिने कचेरी बंद केली आणि न्यूयॉर्कला जाऊन ब्रुकलिनच्या शाळेत शिकवू लागली. 1844 मध्ये मेन राज्यात सनद मिळालेले मेकन अ‍ॅलन हे अमेरिकेतले पहिले काळे वकील मानले जातात. त्यांनाही तिथे अशील मिळेनात म्हणून मॅसॅच्युसेट्सला जावं लागलं.

मुंबईत मिठन टाटांची गोष्ट थोडी हसू आणणारी आहे. 1924 मध्ये त्या मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांना पहिलं ब्रीफ देणारा अशील म्हणाला होता, माझी केस पक्की आहे, हरायचा प्रश्नच नाही. समोरच्याला एका बाईकडून हरल्याची नामुष्की द्यायची आहे म्हणून तुमच्याकडे आलो. मिठनबाईंनी ती केस घेतली आणि जिंकली. सूड उगवायला का होईना, काम मिळालं. पुढे त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या, पद्मभूषण मिळालं. सधन पारशी घर पाठीशी होतं, हेही खरं.

बाबासाहेबांच्या पाठीशी काय होतं? ग्रेज इनची बॅरिस्टरी, कोलंबियाची आणि लंडनची डॉक्टरेट, आणि परळच्या दामोदर हॉलमधली एक कचेरी. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला बॅरिस्टरकडे अशील थेट जाऊ शकत नसे. मधे सॉलिसिटर असावा लागे. ब्रीफ द्यायचं की नाही हे सॉलिसिटर ठरवणार, आणि त्या पेढ्या गुजराती, पारशी, इंग्रज आणि उच्चवर्णीयांच्या. महार बॅरिस्टरकडे कोण जाणार? तेव्हा बाबासाहेब अपीलांच्या कामाकडे आणि जिल्ह्या-तालुक्याच्या कोर्टांकडे वळले, जिथे अशील स्वतः येऊ शकत होता. 1925 ते 1928 या काळात बाटलीबॉय अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी घर चालवलं. कोलंबिया आणि लंडनचा अर्थशास्त्रज्ञ हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या पोरांना हुंड्या आणि करार शिकवत होता.

त्यांच्याकडे येणारी कामंही बहुधा अशीच असायची, जी हातात घ्यायला दुसरे कचरत. पुण्यात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्यावर ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाबद्दल अब्रुनुकसानीचा खटला झाला, तेव्हा 1926 मध्ये त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली आणि ते सुटले. 1934 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात र. धों. कर्व्यांसाठी ते उभे राहिले. ती केस हरली. पण कर्व्यांसाठी त्या वेळी हायकोर्टात उभं राहायला ब्राह्मण्याच्या किंवा प्रतिष्ठेच्या धाकाला भीक न घालणारा माणूसच हवा होता.

त्यांची सगळ्यात लांबलेली केस मात्र स्वतःचीच. 1923 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे बाबासाहेबांना सनद मिळाल्याच्या पुढच्याच महिन्यात, मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. त्याआधारे महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, कागदावर. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर जाऊन पाणी प्यायली. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा तळं खासगी मालकीचं आहे असा दावा स्पृश्यांनी महाडच्या कोर्टात लावला आणि 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. आता पेच पडला. हजारो लोक महाडला जमले होते. सत्याग्रह मोडला तर माणसं निराश होणार, केला तर कोर्टाचा हुकूम मोडला जाणार. बाबासाहेबांनी लोकांना समजावलं, तळ्यावर जाणं थांबवलं. तिथे भरलेल्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, पण तळ्याला हात लावला नाही. पुढे मनाई हुकूम उठला, 1931 मध्ये महाडच्या कोर्टाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला, अपील झालं, ते ठाण्याला गेलं, तिथून हायकोर्टात. 17 मार्च 1937 रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला: अस्पृश्यांना पाणी न देण्याची अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. पाणी पिण्यासाठी दहा वर्षांचा दावा.

नाशिकला दावा नव्हता. तिथे सत्याग्रह झाला. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेब, भाऊराव (दादासाहेब) गायकवाड, अमृतराव रणखांबे, पतितपावनदास आणि इतरांच्या नेतृत्वाखाली हजारोंची मिरवणूक काळाराम मंदिरापाशी गेली. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली, सभा झाली, दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांसमोर तुकड्या बसू लागल्या. त्यात बायकाही होत्या. 9 एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक आणि मारहाण झाली. दादासाहेब गायकवाडांच्या नेटाने हा लढा वर्षानुवर्षं चालला. 1934 मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून आता यात शक्ती घालवू नका असं कळवलं.

1935 सालाकडे मात्र जरा थांबून पाहावं. जूनमध्ये बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. ऑक्टोबरच्या 13 तारखेला येवल्याला, नाशिक जिल्ह्यात, त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. इलाख्यातल्या वकिलांना कायदा शिकवणाऱ्या संस्थेचा प्रमुख काळारामाच्या दरवाजातून आत जाऊ शकत नव्हता. मंदिरप्रवेशाचा पक्का कायदा मुंबई प्रांतात 1947 मध्ये झाला. तोवर या माणसावर भारताच्या घटनेचा मसुदा करायची जबाबदारी येऊन पडली होती.

अमेरिकेतही याच वर्षांत असाच एक वकील काम करत होता. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी हॉवर्डच्या लॉ स्कूलची सूत्रं 1929 मध्ये घेतली आणि काळ्या विद्यार्थ्यांची एक कडक पिढी घडवली. त्यातलेच थर्गुड मार्शल. 17 मे 1954 रोजी त्यांनी शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवून घेतला. ह्यूस्टन तोवर हयात नव्हते. बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे काळ्यांनी मांडलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. दोन्हीकडच्या माणसांचं एकमेकांकडे लक्ष होतं.

कॉर्नेलियाबाईंचं मात्र यांतल्या कुणाकडेच लक्ष नव्हतं, आणि बाईंना डोक्यावर घ्यायचं तर हा हिशेब टाळता येत नाही. त्या पक्क्या साम्राज्यनिष्ठ होत्या. गांधींच्या आंदोलनावर त्यांनी कठोर टीका केली. कॅथरीन मेयोच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाने 1927 मध्ये देश खवळला, तेव्हा त्या मेयोच्या बाजूने उभ्या राहिल्या. इथल्या बायकांच्या चळवळीने त्यांच्याशी नातं तोडलं ते बहुतेक तिथेच. सुधारणा वरून, हळूहळू, शिकलेल्यांच्या हातून व्हावी, असं त्यांना वाटे; ज्या पडद्याने त्यांना काम दिलं तो पडदा फाडून टाकण्याची त्यांना घाई नव्हती. माझ्या मते त्यांची ही बाजू चूकच होती. पण ‘आपली नव्हती’ म्हणून पहिल्या वकिलीणबाईला इतिहासातून बाजूला सारणं हीही तितकीच चूक आहे. 6 जुलै 1954 रोजी लंडनला त्या वारल्या. 2012 मध्ये लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवला गेला.

आज सर्वोच्च न्यायालयाकडे पाहिलं तर चित्र बदललेलं दिसतं. अमेरिकेत मार्शल 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. आपल्याकडे 1980 मध्ये ए. वरदराजन हे पहिले दलित न्यायमूर्ती, 1989 मध्ये फातिमा बीवी या पहिल्या महिला न्यायमूर्ती. मे 2025 मध्ये अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश झाले. वर पोहोचणाऱ्यांची मोजदाद करता येते, म्हणून आपण ती करतो. खाली, तालुका कोर्टाच्या बार रूममध्ये, पहिलं वकीलपत्र कोणाला मिळतं याची नोंद कुठेच ठेवली जात नाही.

म्हणून नाशिकच्या आणि एकूणच महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ वकिलांना एक विनंती. या वर्षी सनद घेऊन येणाऱ्यांत काही मुलंमुली अशा असतील, ज्यांच्या घरात कोणी वकील नाही, ज्यांचं आडनाव कोर्टाच्या आवारातल्या कुठल्याच पाटीवर नाही. त्यांतल्या एखादीला ज्युनिअर म्हणून घ्या. तिला महिन्याला जगण्यापुरते पैसे द्या. आणि नुसती तारीख घ्यायला पाठवू नका. एखादं प्रकरण तिच्या हातात देऊन तिला न्यायाधीशासमोर बोलू द्या.